झुरळं चावतात, पण बाई मरत नाही

मित्रांनो, मी एक छोटा गोळीबाराचा खेळ आहे. वय दोन वर्षं, म्हणजे संगणकातल्या खेळांच्या मानाने म्हाताराच. माझ्यात सात खोल्या आहेत, त्यांत झुरळं आहेत, आणि ॲप्रन घातलेली एक बाई फवारणीच्या पंपाने त्यांना टिपते. झुरळं तिला तीनदा चावली की ती मरते आणि खेळ पहिल्यापासून सुरू होतो. फक्त खोल्यांचा क्रम दर वेळी बदललेला असतो. मरणं आणि पुन्हा उठणं, यातच माझी सगळी गंमत आहे.

मला एका बहीणभावाने जेवणाच्या टेबलावर घडवलं. ताईने प्रोग्रॅम लिहिला, धाकट्याने चित्रं काढली. झुरळांच्या मिशा किती अंशांत हलाव्यात, यावर दोघं आठवडाभर भांडली. ताईने माझ्यासाठी प्रयोगशाळेतून दीड वर्षाची रजा काढली होती. ती संपत आली तेव्हा साहेबांनी बजावलं, "सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर तुमच्या जागी दुसरं कुणी घेऊ." समीक्षकांना मी आवडलो तर नोकरी सोडून पुढचा खेळ करायचा, नाहीतर मुकाट्याने परत जायचं, असं ताईने ठरवलं.

ॲप्रनवाली बाई घरातल्या मावशीवरून काढलेली. साहजिकच मावशीने मला सगळ्यांत आधी खेळून पाहिलं, आणि ती पहिल्याच खोलीत बावीस वेळा मेली. तिचं तोंड एवढंसं झालं. ते बघवेना म्हणून ताईने गुपचूप तिच्यासाठी वेगळी प्रत केली: झुरळं चावतात, पण बाई मरत नाही. मग मावशी रोज दुपारी जिंकू लागली आणि शेजारणींना सांगू लागली, "बोटांत असावं लागतं ते."

समीक्षकांना प्रती पाठवायचं काम धाकट्याकडे होतं. यादीत सगळ्यांत वर होती ती त्याने पाठवली. रोज उघडली जाणारी प्रत वर असते, आणि रोज उघडत होती मावशी.

पहिलं परीक्षण आलं: "तेवीस मिनिटांत संपला. चहा गार व्हायलाही वेळ मिळाला नाही." दुसरं आलं: "झुरळं येतात, चावतात, काही होत नाही. मग येतात कशाला?" ताई त्या दिवशी जेवली नाही.

तिसरे समीक्षक ज्येष्ठ होते. त्यांचं सगळे वाचायचे. त्यांनी दहापैकी नऊ गुण दिले. "मरता न येणाऱ्या बाईची ही शोकांतिका आहे," असं लिहिलं. झुरळांत त्यांना काळ दिसला.

धाकटा नाचायला लागला. ताईने ते वाक्य पुन्हा वाचलं.

"मरता न येणाऱ्या? कुठली प्रत पाठवलीस रे?"

"सगळ्यांत वरची."

"अरे, ती मावशीची!"

"असू दे ना, ताई. नऊ मिळालेत. गप्प बसू या."

"याला नाही मिळालेले," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "याला अजून कुणी पाहिलंच नाही."

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते पडद्यावर दाखवायची माझ्यात सोय नाही.

दारात मावशी उभी होती. "म्हणजे मी जिंकत नव्हते?"

"तुझ्या प्रतीत बाई मरतच नाही, मावशी," ताईने कबूल केलं.

"गाढवांनो! द्या ती खरी प्रत इकडे."

ताईने त्याच दिवशी सगळ्या समीक्षकांना चूक कबूल करून खरी प्रत पाठवली. रविवारी परीक्षणं आली. तेवीस मिनिटंवाल्यांनी लिहिलं, "दोन दिवस झाले, तिसऱ्या खोलीपुढे गेलेलो नाही. कृपया फोन करू नये." ज्येष्ठांनी लिहिलं, "शोकांतिका माझीच झाली. एकेचाळीस वेळा मेलो. गुण सात. दोन रागाने कापले आहेत."

सोमवारी ताईने प्रयोगशाळेत फोन लावला. "सर, मी परत येत नाहीये," एवढं ती म्हणते आहे, तोच आतून किंकाळी आली, "मेले ग बाई, मेले!"

"अहो, काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो सर. मावशी मेली. उठेल आता."

पंधरा दिवसांनी मावशी दुसऱ्या खोलीत पोचली. पोचल्या पोचल्या मेली, आणि तरी दिवसभर गुणगुणत होती.

मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर जोडून सांगितलं असतं. खेळ कितीही लहान असो, त्याच्याबद्दल बोलण्याआधी त्यात मनसोक्त हरून बघा. आणि घरातलं कुणी हरत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याला न सांगता झुरळांचे दात तेवढे काढू नका.