लेबलाखालचे नाव

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. आपली गोष्ट जन्मापासून सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. पण मी एका मंगळवारपासून सुरुवात करते, कारण मला लाज वाटते ती त्या दिवसाची.

त्या मंगळवारी मृणाल मला घेऊन इंदूरच्या कॉलेजातून बऱ्हाणपूरला, लालबागेतल्या घरी आली होती. माझी एक तार खरखरत होती. तिच्या बाबांनी, श्रीकांत मिस्त्रींनी, मला मांडीवर घेतले, तारा उतरवल्या आणि पोटातली एखादी पट्टी सुटली आहे का ते बघायला छोटा आरसा आत सरकवला. आरशात त्यांना एका परदेशी कंपनीचे छापील लेबल दिसले. ते ज्या जागेवर चिकटवले होते, तिथे मला घडवताना त्यांनी स्वतः पेन्सिलीने लिहिले होते, 'श्रीकांत, लालबाग. तूण, शिसम, साग.'

मृणाल दारातच थांबली.

"कंपनीने चांगला माल बनवलाय, बेटा," बाबा हसून म्हणाले.

"बाबा, ते कॉलेजात सगळ्यांकडे..."

"अरे भई, मी काही बोललो का? आईला चहा सांग."

त्यांनी सुटलेली पट्टी सरसाने चिकटवली. लेबलाला हात लावला नाही. बुधवारी सकाळी दुकानाचे शटर वर करताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

माझा जन्म त्याच्या आठ वर्षे आधीचा. मृणालला गिटार हवी होती आणि बाबांनी तोवर पलंग-कपाटांशिवाय काही बनवले नव्हते. "सतारीला तूण चालते, मग हिला काय झाले?" असे म्हणून ते कामाला लागले. पाठीला मोडक्या पलंगाचे शिसम, मानेला शाळेच्या बाकाचा साग. छातीसाठी तुणीच्या फळ्या एकेक करून कानाशी धरल्या, बोटाच्या पेराने वाजवल्या. जी गप्प बसली ती कपाटाला गेली. बाजू वाकवायला त्यांनी आंघोळीचा बंब पेटवला आणि ओली पट्टी त्याच्या तापलेल्या नळकांड्यावर हळूहळू दाबली. दोन पट्ट्या तडकल्या.

"आज आंघोळ गिटारीची आहे का माणसांची?" मृणालची आई शारदाबाई आतून ओरडल्या.

"आधी तिची. तिला इथल्या उन्हात दिवस काढायचेत," बाबा म्हणाले. "लाकूडही इथलेच आहे, घाबरणार नाही."

खरेच, बऱ्हाणपूरचा मे महिना मी एकही तडा न जाता काढला. मग मृणाल कॉलेजला गेली. पहिल्याच दिवशी माझे शिसम कशाचे ते तिने भोळेपणाने सांगितले, तेव्हा कुणीतरी म्हणाले, "पलंगाची गिटार? बजाने की है या सोने की?" सगळे हसले. मृणालही हसली, आणि मस्करीत सांगितले, असे म्हणाली. त्याच आठवड्यात तिने ते लेबल मिळवले.

पुढे माझे फार कौतुक झाले. "इम्पोर्टेड लाकडाचा आवाजच वेगळा," लोक म्हणत. लाकडाला बोलता येत नाही, ही सबब मी सांगू शकते. पण मित्रांनो, खरे सांगते, ते खोटे नाव मलाही आवडू लागले होते.

म्हणून एक विनंती. आमच्यावरची धूळ तुम्ही पुसालच. पण ज्याने आम्हाला घडवले त्याचे नाव त्याला ऐकू येते आहे तोवर घ्या. मृणालला ते जमले नाही.

तेराव्याला तिचा कॉलेजमधला मित्र नीलेश आला. बाबांच्या दुकानातले यादवकाका चहा देत होते. माझ्या पट्ट्या वाकवताना दुसरे टोक त्यांनीच धरले होते. नीलेशने मला उचलले.

"अंकल ही पण रिपेअर करायचे? इम्पोर्टेड चीज आहे, सफाईदार हात पाहिजे."

यादवकाकांनी मान खाली घातली. मृणालने मला नीलेशच्या हातून घेतले.

"रिपेअर नाही, नीलेश. बनवली त्यांनी. पलंगाचीच आहे." ती भिंतीवरच्या फोटोकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "बाबा, मला तुमची लाज वाटायची."