हलक्या कामास योग्य

आमच्या टाउनशिपच्या कारखान्यात अपघात होत नसत. बोटं जात, पाय चिरडत, पण अपघात नाही. जखमी कामगार गैरहजर राहिला तरच अपघात, असा नियम होता. म्हणून आमच्या इस्पितळातले डॉक्टर ‘हलक्या कामास योग्य’ अशी चिठ्ठी देत, खात्याची जीप माणसाला प्लास्टरसकट उचलून नेई आणि पाळी संपेपर्यंत खुर्चीत बसवून ठेवी. अपघाताविना वर्ष गेलं की खात्यातल्या प्रत्येकाला बक्षीस म्हणून प्रेशर कुकर.

यशवंत ढोकेला मधुमेह होता. त्याच्या चिरडलेल्या पायासाठी तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टर कल्पना खानवलकरने तीन आठवडे विश्रांती लिहिली.

“लिही की,” वैद्यकीय प्रमुख डॉ. मोघे म्हणाले. “मुख्य निवासी डॉक्टर मग तू नाही, तुझ्या बरोबरीचा विश्वास होईल.”

“पाय सडेल, सर.”

“तुम्ही ग्वाल्हेरवाले फार लांबचं बघता.”

चौथ्या दिवशी आनंद नगरहून यशवंतची बायको विमल थेट ओपीडीत. “काहून लिहिलं वो बाई? एकशेचाळीस घरचे कुकर आमच्या पायापायी चालले! कोणी बोलत नाही आमच्याशी.”

कॅन्टीनमध्ये कल्पनाशीही कुणी बोलत नव्हतं.

तेवढ्यात विश्वासने इस्पितळ सोडून अरेरा कॉलोनीत स्वतःचा दवाखाना थाटला. उरली एकटी कल्पना. मोघ्यांनी मुख्य निवासीच्या नेमणुकीचं पत्र मेमो द्यावा तसं पुढे सरकवलं. “तू कुणालाच आवडत नाहीस. पदाला बरं असतं ते. आता इतरांच्या विश्रांतीच्या चिठ्ठ्या तू अडवायच्या.”

दरम्यान खात्याने तोड काढली होती. विश्रांती नको, असं यशवंतनेच लिहून द्यायचं. बुडालेले दिवस घरगुती रजेत टाकायचे. नव्या पदाच्या पहिल्याच सकाळी तो कुबडी टेकत अर्ज घेऊन आला. बाहेर जीप हॉर्न देत होती.

“सही मारा मॅडम. पाय माझा आहे.”

“पट्टी सोडा.”

अंगठा काळा पडला होता. कल्पनाने अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : भरती.

पाच मिनिटांत मोघ्यांचा फोन. “भरती म्हणजे अपघात, कळतं का?”

“कळतं, सर.”

“कुणी दिला तुला अधिकार?”

“तुम्हीच. खाट मुख्य निवासी देतो.”

अंगठा गेला, पाय वाचला. सहा आठवडे ड्रेसिंग रोज तीच करायची. यशवंत भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. सहा आठवड्यांत तो तिच्याशी एकदाच बोलला.

“झालं का?”