शेवटची ओळ गोणीतून

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. म्हातारा म्हणा, चालेल. पण खोका म्हणू नका, तेवढं मला लागतं. नवा होतो तेव्हा अंगावर चामड्याचं कव्हर होतं आणि रुबाब तर विचारूच नका. तेव्हापासून मी एका इस्त्रीच्या दुकानात फळीवर बसून आहे.

माझे मालक इस्त्री करायचे ती माझ्या तालावर. एका कडव्यात दोन्ही बाह्या. मग कॉलरवर इस्त्री दाबायची, डोळे मिटायचे आणि गाण्याची ओळ संपली की उचलायची. गिऱ्हाइकं कॉलरची तारीफ करायची. त्यात निम्मा वाटा माझा होता, पण मला कोण विचारतो?

पुढे वय झालं. काटा एकाच केंद्रावर अडकून बसला आणि पोटात काहीतरी सैल झालं. बोलता बोलता मी गप्प व्हायचो. मालकांनी पाठीत धपाटा घातला की पुन्हा सुरू.

एक दिवस त्यांच्या मुलीने, बिट्टीने, त्यांना मोबाइल आणून दिला. "बाबा, यात तुमचंच केंद्र लागतं. त्या खोक्याला बडवून हात दुखत नाही का?"

"अगं, त्याला सवय आहे."

"त्याला की तुम्हाला?"

मोबाइलमधून माझ्याच निवेदिकाबाई बोलू लागल्या, तेही खरखर न करता. माझा नुसता जळफळाट झाला. त्यात भंगारवाला आला की मला द्यायचं ठरलं.

तो आला नेमका बिट्टीच्या नोकरीच्या मुलाखतीच्या सकाळी. मी तेव्हा बोलता बोलता गप्प झालेलो. बटण चालूच, सेल आतच, तसंच मला गोणीत कोंबलं आणि हातगाडी शेजारच्या दारात जाऊन थांबली.

इकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. टेबलावर बिट्टीचा एकुलता एक बरा शर्ट होता. मोबाइलवर आमच्याच केंद्राचं गाणं चालू, कॉलरवर इस्त्री, मालकांचे डोळे मिटलेले. आणि ओळीच्या मध्यावरच मोबाइलचं नेट अडकलं. मालक आपले ओळ संपायची वाट बघत उभे. कॉलरला वास येऊ लागला, तरी हात हलेना.

त्याच क्षणी शेजारच्या काकूंनी जुना कुकर भंगारवाल्याला दिला आणि त्याने तो दाणकन माझ्या पाठीवर टाकला. धपाटाच तो. मी गोणीतून गळा काढला आणि ती ओळ खणखणीत पूर्ण केली. मालकांनी सवयीने इस्त्री उचलली. कॉलर जराशी पिवळी झाली होती, पण वाचली.

बिट्टी ओल्या केसांनीच धावत आली. "दादा, थांबा. आमच्या घरातला माणूस राहिलाय तुमच्या गोणीत."

"घेऊन जा, ताई," भंगारवाला म्हणाला. "पण हा बंद कसा करायचा ते आधी सांगा."

बिट्टीला नोकरी लागली. बसमध्ये ती कानात वायरी घालून मोबाइलवर आमचंच केंद्र ऐकते. मला आता त्याचा राग येत नाही. मी आज ना उद्या बंद पडेन, पण ऐकणारे कान आहेत म्हणजे निवेदिकाबाई बोलत राहतील. मालकांचा मोबाइल माझ्याच शेजारी असतो. तो अडकला की मालक त्यालाही धपाटा घालतात. बिचाऱ्याला अजून त्याचा अर्थ कळत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याची धूळ पुसा, सेल बदला. आणि गोणीत घालण्याआधी पाठीत एक धपाटा घालून बघा. कदाचित त्याची ओळ अर्धीच राहिली असेल.