आंजीची खाट

वर्धा स्टेशनच्या ऑटो स्टँडवर गुलाबचं नाव काढलं की लोक आधी हसतात, मग गोष्ट सांगतात. चौकातल्या हवालदाराच्या शिट्टीत त्यानं एकदा ओल्या सुपारीचा तुकडा बसवून दिला अन् तो बिचारा दुपारभर गाल फुगवून नुसती फूफू करत राहिला, ही गोष्ट तर पोलीससुद्धा सांगतात. चाळिशी उलटली, पोरगी लग्नाला आली, तरी गड्याच्या खोड्या गेल्या नव्हत्या. पण अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात मोठ्या दवाखान्यात जी खोडी केली, ती करताना तो हसत नव्हता. ती त्यानं दात खाऊन केली.

झालं असं, की त्याची माय सीताबाई आंजीला, गावच्या घरी, मोरीपाशी घसरली अन् तिच्या मांडीचं हाड मोडलं. गुलाब तिला घेऊन दवाखान्यात आला. पाटीवर नाव लंबंचौडं, अण्णाजी स्मारक विद्यापीठ रुग्णालय, पण लोक त्याला मोठा दवाखानाच म्हणतात. वॉर्डात खाट रिकामी नव्हती. सीताबाईला दाराजवळ फरशीवर सतरंजी टाकून दिली. दार उघडलं की गार वारा, लावलं की संडासाचा वास.

वॉर्डात प्रेरणा नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिनं गुलाबला नीट समजावलं. हाडाचे तुकडे एकमेकांवर चढलेत, पायाला वजन बांधून ताणून ठेवलं तर ते सरळ जुळतील. वजन खाटेच्या पायथ्याच्या दांड्यावरून लटकवतात, फरशीवर ते लटकवणार कुठं? उशीर झाला तर पाय आखूड राहील, म्हातारी पुन्हा धड चालणार नाही. अन् एकदा वजन लागलं, की हाड धरेपर्यंत पेशंट जागचा हलवायचा नाही, हा वॉर्डाचा नियम. हे सगळं सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती, ते गुलाबला दिसलं, म्हणून तो तिच्यावर चिडला नाही. ऑफिसवर चिडला. रोज जायचा, रोज एकच ऐकायचा, खाट झाली की कळवू.

इकडे दवाखान्यात रंगरंगोटी जोरात. पंचवीस वर्षं झाली म्हणून सोहळा होता, खुद्द कुलगुरू येणार होते. झाडांच्या बुंध्यांना गेरू लागला. फाटकावर कमान उभी राहिली.

"झाडाले गेरू लावायले माणसं हाएत," गुलाब वॉर्डबॉय नानाजीला म्हणाला, ज्याला सगळे मामाच म्हणत, "अन् माह्या मायले खाट नाई."

नानाजीनं तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात सरकवला. खाटा नाहीत असं कोण म्हणतं, समोरच्या हॉलात ओळीनं मांडल्यात की, म्हणाला, अन् त्याला दाखवायलाच घेऊन गेला.

हॉलाच्या दारावर पाटी होती, इतिहास दालन. आत अण्णाजींचा हार घातलेला फोटो. त्याखाली लाल मखमलीवर दवाखान्याच्या पायाभरणीची पहिली वीट. अन् मखमली दोरीच्या पलीकडं जुन्या लोखंडी खाटा, वर गाद्या, पांढऱ्या चादरी, उशाला एकेका गावाचं नाव. सेलू. पवनार. आंजी.

गुलाबच्या डोक्यात सणक गेली. ही खाट त्यानं ओळखली. मिसरूड फुटायच्या वयात त्यानंच ती बैलगाडीत धरून आणली होती.

तेव्हा हा दवाखाना काढायला अण्णाजी गावोगाव फिरले होते. पैसा नको, प्रत्येक गावानं एक खाट द्या, म्हणाले. आंजीच्या लोहारानं खाट घडवली. गादीचा कापूस वेचणाऱ्या बायांनी दिला, पहिल्या वेच्याची एकेक ओटी. मजुरीत कापून गेली तरी चालेल म्हणत सीताबाईनंही दिली. पुढं दरसाल नवा कापूस जायचा, पिंजारी गादी पुन्हा भरायचा, अन् गावचा आजारी माणूस गावच्या खाटेवर पहिला. अण्णाजी गेले, दवाखाना विद्यापीठाकडं गेला, फोमच्या गाद्या आल्या. आता कापूस पाठवू नका, असा निरोप आला. खाटा गोदामात गेल्या, त्या आता निघाल्या त्या बघायला ठेवायला.

गुलाबनं हे मायला सांगितलं.

"गादी तीच आहे काय रे?" तिनं विचारलं.

"तीच."

"मग मी इथं काऊन पडली आहो?"

गुलाब तसाच उठून नानाजीला गाठायला गेला. नानाजीकडं हॉलाची किल्ली होती.

सोहळ्याच्या सकाळी सगळे मांडवात. भाषणं चालू, लाऊडस्पीकरवर रुग्णसेवेचा गजर. गुलाब अन् नानाजीनं सीताबाईला चादरीसकट अलगद ट्रॉलीवर घेतलं. मामा ट्रॉली ढकलत असला की दवाखान्यात कोणी विचारत नाही कुठं चाललात. हॉलात आल्यावर दोघांनी मखमली दोरी काढली अन् तिला आंजीच्या खाटेवर ठेवलं. तिनं एकदा कण्हून घेतलं. मग गादीवर तळवा दाबून बघितला, परातीतलं पीठ मळल्यासारखा.

नानाजी प्रेरणा डॉक्टरणीला बोलवून आला, पेशंट बघायचाय एवढंच सांगून. ती दारातच थबकली. झेंडूच्या माळा, गावांच्या पाट्या, मधोमध सीताबाई. आता शिव्या बसणार म्हणून गुलाब मान खाली घालून उभा. तिनं पुढं येऊन खाटेचा पायथा गदगदा हलवून बघितला. खाट हलली नाही.

"मामा, पट्टी आणा," ती म्हणाली. "दोरी आणा. दोरी सरकवायची चाकी आणा. अन् वजनाला विटा."

पट्टी आली, दोरी आली, चाकी आली. विटा मात्र वॉर्डात सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या पायाला टांगलेल्या. गुलाबनं इकडंतिकडं बघितलं. मग सरळ मखमलीपाशी गेला अन् पायाची पहिली वीट उचलून आणली.

"चालन काय, मॅडम?"

तिनं हातात तोलून पाहिली. वजनाला बरोबर होती.

कुलगुरू आले तेव्हा सीताबाईचा पाय ताणलेला होता, पायथ्याशी वीट लोंबत होती. सोबत डीन, मागं फोटोवाला. रिकामी मखमल बघून डीनचा चेहरा उतरला. पण कुलगुरू आधीच खाटेपाशी पोचले होते. त्यांनी पाटी वाचली, म्हातारीकडं बघितलं, विटेकडं बघितलं अन् खूश झाले. सजीव देखावा, फार सुंदर कल्पना, म्हणाले. डीननं तेवढ्यात ती कल्पना आपली करून टाकली. मान डोलावली, हसले, फोटोवाल्याला खूण केली. कुलगुरूंनी हातातला गुच्छ सीताबाईच्या छातीवर ठेवला.

आयुष्यभर गुलाबनं दुसऱ्यांना उल्लू बनवलं होतं, अन् हे लोक त्याच्या मायच्या मोडक्या हाडाचं तोरण करून घरी चालले होते. तो पुढं सरणार, तेवढ्यात सीताबाईनं गुच्छ बाजूला ठेवला.

"सायेब, मी देखावा नाई," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. "हाड मोडलं आहे माह्यं. या गादीत माह्या ओटीचा कापूस आहे, अन् मी तिकडं संडासाजवळ जमिनीवर पडून होती. अजून लोक पडून हाएत. जाऊन पाहा."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. कुलगुरूंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायचं कसं ते त्यांना सुचेना. पुढचा कार्यक्रम आहे, असं कोणीतरी म्हणालं अन् मंडळी निघाली. वॉर्डाकडं कोणी गेलं नाही.

डीन मागं थांबले. प्रेरणाला म्हणाले, पाहुणे गेले की हिला परत हलवा, अन् तुझं काय ते मी नंतर बघतो.

"सर, वजन लागलंय," ती म्हणाली. तिनं हात एप्रनच्या खिशात घातले. "हाड धरेपर्यंत हलवता येणार नाही. तुम्हीच शिकवलंय."

डीननं विटेकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं. ती गादीचा कोपरा मुठीत धरून पडली होती, जणू कोणी खालून ओढून नेईल. मग ते निघून गेले.

गुलाब भिंतीला टेकून खाली बसला. एरवी खोडी साधली की स्टँडवर चहा पाजायचा. आज त्याला हसू येईना, नुसता राग येत होता, अन् तो ओसरायचं नाव घेत नव्हता. मायला खाट मिळाली ती चोरी करावी तशी, आपल्याच गावची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालनाच्या दारात एक माणूस उभा राहिला. पाठीवर बाप, बापाचा पाय फळीला बांधलेला. वॉर्डात फरशीवर आपल्या शेजारी पडलेले हे दोघं गुलाबनं ओळखले. माणूस आत यायला बिचकत होता.

"भाऊ, सेलूची खाट कोणती?" त्यानं विचारलं.

गुलाब उठला अन् रात्री कोणीतरी पुन्हा लावलेली मखमली दोरी खिळ्यावरून काढली.