पाण्याचे फोड

नलूचा डॉक्टरांवर काडीचा विश्वास उरला नव्हता. वणीच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीचा कागद धड न बघताच डॉक्टर म्हणाला होता, "गर्भपिशवीत गाठ आहे. पिशवीच काढून टाकू. दोन दिवसांत ठणठणीत, पक्कं!" झरीकडच्या तिच्या गावातल्या चार बायांच्या पिशव्या त्यानं अशाच काढल्या होत्या. त्या चौघींना निदान पोरं तरी होती. नलू अठ्ठावीस वर्षांची, आणि तिची कूस अजून उजवायची होती. म्हणून ती नवऱ्याला, रवीला, घेऊन यवतमाळला आली.

इथल्या डॉक्टर फरहाना मॅडमनी पोटावरून मशीन बराच वेळ फिरवलं. मग भलतंच विचारलं, "घरी शेळ्या आहेत? कुत्रं?"

नलूच्या कपाळाला आठ्या पडल्या. झरीकडचं माणूस म्हणजे घाणेरडंच, असंच हिला म्हणायचं असणार! "पोट माह्यं दुखते मॅडम. कुत्र्याचं काहून इचारून राह्यल्या?"

मॅडमनी मशीनचा पडदा तिच्याकडे वळवला. मोठ्या गाठीच्या आत बारक्या बारक्या गाठी होत्या. "बोकड कापल्यावर कलेजीत असे पाण्याचे फोड दिसतात?"

"दिसतात ना," रवी तोऱ्यात म्हणाला. "पण आम्ही तसलं खात नाई. नलू साफ कापून बाजूले काढते."

"आणि टाकते कुठं?"

"कुत्र्याले," नलू म्हणाली. "त्याले कायचं काय होते?"

"त्याला काही होत नाही. पण त्या फोडांतले जंत त्याच्या पोटात वाढतात. त्यांची अंडी त्याच्या विष्ठेतून अंगणात येतात, मग आपल्या हाताला लागून पोटात जातात आणि आत अशी गाठ धरते. पिशवीत अशी गाठ क्वचितच होते. रक्त तपासू, मग बोलू."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. जंतांचीच गाठ निघाली. घरच्यांच्या ताटात जाऊ नये म्हणून जे इतकं जपून कापलं, तेच आपल्या पोटात शिरलं, या विचारानं नलूला स्वतःचा भयंकर राग आला.

"मंग पिशवी राहीन ना? पक्कं सांगा."

"पक्कं नाही सांगत," मॅडम म्हणाल्या. "गाठ न फोडता काढायचा प्रयत्न करीन. पण रक्त थांबलंच नाही, तर पिशवी काढावी लागेल. तसं कागदावर लिहिलंय. वाचा, मगच सही करा."

नलूनं ओळीखाली बोट ठेवून कागद दोनदा वाचला. कुठंतरी डाव असेलच म्हणून तिसऱ्यांदा वाचला. पक्कं म्हणणारा माणूस तिनं पाहिला होता. या बाईनं नलूची सगळ्यात मोठी भीती स्वतःच्या हातानं लिहून दिली होती. नलूनं सही केली, पेन खाली ठेवला, आणि मग तिला रडू आवरेना.