सर्व्हर बसवताना

“थांबा! एंटर दाबा म्हणून मी कुठं सांगितलं?”

दीपमालाने नवऱ्याचा हात कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवला.

“तूच लिवलंयस की. ‘पुढे जा.’ पुढं जायाचं म्हंजी दाबायचंच न्हवं?” गुंडा म्हणाला.

तिने आपलंच वाक्य पुन्हा वाचलं. मग तिने वाक्य खोडून नवं लिहिलं : बाणाच्या कळीने खाली या, ‘पुढे’ या शब्दावर थांबा, मगच एंटर दाबा.

“चूक माझीच. तुमी अडला म्हंजे सगळेच अडणार.”

गुंडा कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होता. दीपमाला पलूसजवळच्या शाळेत संगणक शिकवायची. आसपासच्या शाळांना कुणी ना कुणी जुने संगणक देई, पण इंटरनेट कधी चाले, कधी नाही. शाळेतच एक सर्व्हर बसवला तर धडे, चित्रफिती तिथेच साठवता येतील, असं तिच्या मनात होतं. त्याला लागणारी लिनक्स प्रणाली कुणालाही फुकट मिळत होती. बसवायची रीत मात्र इंग्रजीत. म्हणून ती मराठीत पुस्तिका लिहायला बसली होती. ज्याने असलं काम कधीच केलेलं नाही, अशा माणसासाठी. तसा माणूस घरातच होता.

सुट्टीच्या दुपारी दोघं जुन्या संगणकापुढे बसत. तो अडला की ती त्याच्या तोंडाकडे बघत राही, आणि तो नेमका कुठे चुकला ते हेरून वाक्य बदली. बायको आपल्याकडे एवढं निरखून बघते, याचं गुंडाला मनातून बरं वाटे. कधी कधी तो मुद्दामच अडायचा.

मग एका दुपारी तिला पेन ड्राइव्ह हा शब्दच आठवेना. “ते ओ... बारकं... खुपसतात बघा,” ती म्हणाली. गुंडा हसला. तीही हसली. पुढच्याच आठवड्यात ती वर्गात हातात खडू घेऊन नुसतीच उभी राहिली. पोरं आधी कुजबुजली, मग घाबरली. मुख्याध्यापक नाथाजी सरांनी गुंडाला फोन करून बोलावून घेतलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी डोक्यात गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन झालं, पण गाठ सगळी निघाली नाही.

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा पुस्तिकाच मागितली. “मी सांगते, तुमी टाइप करा. आहे तोवर घ्या उतरवून.”

गुंडा एका बोटाने टाइप करायचा. संगणकातलं आधीचं सगळं काढून डिस्क पुसण्याचं पान आलं तेव्हा तिने त्याला थांबवलं. “हे ठळक अक्षरात घ्या. ‘इथे घाई करू नका. या डिस्कवर काही जपण्यासारखं असेल तर आधी दुसरीकडे काढून ठेवा. एकदा पुसलं की परत मिळत नाही.’”

गुंडाने मान वर न करता टाइप केलं.

शेवटची पानं तिला सांगता आली नाहीत. वाक्य सुरू करून ती खिडकीबाहेर बघत बसायची. तेव्हा गुंडाने एकट्याने सर्व्हर पुन्हा बसवला आणि पडद्यावर जे दिसलं ते, तिने लिहिलं असतं तसं, लिहून काढलं. नाथाजी सरांनी पुस्तिका छापून घेतली आणि एक प्रत घरी आणून दिली.

“वर मॅडमचं नाव घातलंय,” ते म्हणाले. दीपमालाने पानं चाळली, कागदाचा वास घेतला आणि पुस्तिका त्यांना नम्रपणे परत केली.

सरांनी ती गुंडाच्या हातात दिली. ते गेल्यावर गुंडाने जुना संगणक चालू केला आणि तिला पुढच्या खुर्चीवर बसवलं. तो वाचू लागला. ती कळ शोधायची, दाबायची, पडदा बदलला की लहान मुलीसारखी खूश व्हायची.

“कुणी लिवलंय ओ हे? लय सोपं हाय,” ती म्हणाली. आजारपणात तिची शाळेतली भाषा गळून माहेरची तेवढी उरली होती.

“हाय एक मास्तरीण.”

“चांगली असंल.”

“लय चांगली.”

डिस्कचं पान आलं. गुंडाने ठळक ओळी वाचायला घेतल्या. तिसरी ओळ त्याने मनातच वाचली. ती कळीवर बोट ठेवून वाट बघत होती.

“दाबू का?”

“दाब.”

पडद्यावरची पट्टी हळूहळू पुढे सरकली. मग यंत्राने नाव विचारलं. गुंडाने वाचलं, “‘आता सर्व्हरला नाव द्या. लक्षात राहील असं द्या.’”

दीपमालाने बराच विचार केला. मग ती त्याच्याकडे वळली. चेहऱ्यावर परक्या माणसाशी बोलतानाचा अदबशीरपणा होता.

“तुमचंच घालूया. लय येळ बसलाय माज्यासंगं. काय नाव म्हनलासा, दादा?”

गुंडाने पुस्तिका मांडीवर ठेवली.

“गुंडा,” तो म्हणाला.

“इंग्रजीत कसं घालायचं?”

“जी,” त्याने सांगितलं. तिचं बोट कळांवरून फिरू लागलं. तिला अक्षर सापडेपर्यंत तो थांबला. मग त्याने पुढचं सांगितलं.