ताईचा उघडा माथा

विपुल चित्रकार होता, आणि त्याच्यासमोर तासन्‌तास न हलता बसायची ती फक्त त्याची थोरली बहीण, प्रतिमाताई. केमोनंतर तिचे केस गेले तेव्हाही ती बसली. अट एकच घातली, "डोक्यावर पदर राहील, बरं का."

एकदा बसल्या बसल्या तिला डुलकी लागली आणि पदर घसरला. विपुलने तिला उठवलं नाही. त्याने तेच रंगवलं, आणि जबलपूरच्या प्रदर्शनात ते चित्र दाराजवळच लागलं. ताईला त्याने प्रदर्शनाचं कळवलंच नव्हतं.

पेपरात वाचून ती आली. भाऊजींच्या फॅक्टरीतल्या बायकांनाही कौतुकाने घेऊन आली. चित्रापुढे सगळ्या एकदम थबकल्या. "बहुत सुंदर है, दीदी," एक म्हणाली, पण ताईकडे न बघता.

ताई हळूच म्हणाली, "काहून रे विपुल, मला उठवायचं तरी होतं."

तू त्यात खरंच सुंदर दिसून राहिली, असं त्याला सांगायचं होतं. पण ते न सांगताच त्याने सगळ्यांदेखत चित्र उतरवलं.

"आता काय उपयोग?" ती म्हणाली. "पाहिलं ना सगळ्यांनी."

मग तिने बायकांना बाकीची चित्रं दाखवली, 'माझ्या भावाची' म्हणून. मान खाली घालून विपुल तिथेच उभा राहिला.

पुढेही ती घरी येत राहिली, हसत-बोलत राहिली. त्याच्यासमोर मात्र पुन्हा बसली नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.